अंगणाला कुलूप

ज्या तीन ओळींनी ऋजुता मोकाशीचं घर धुऊन नेलं, त्या तिच्याच हातच्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी, डबा खाता खाता लिहिलेल्या. मराठीत सांगायच्या तर अशा: अंगणात जा. इथे जे काही असेल ते झाडून टाक. आधी होतास तिथे परत जा.

एवढंच. कामाच्या बाईला सकाळी याहून जास्त सूचना द्याव्या लागतात.

ते २०३६ साल होतं. ऋजुता पुण्याच्या एका लहानशा कंपनीत होती आणि कंपनीचं यंत्र उंदरांच्या डोक्यातून माणसांच्या डोक्यात जाण्याच्या बेतात होतं. यंत्राला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. त्या नावासाठी दोन महिने बैठका झाल्या होत्या आणि ते कुणीही वापरत नसे. सगळे त्याला ‘ठिय्या’ म्हणत.

आपल्या मेंदूत, कानाच्या थोडं आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा बोटाएवढा भाग असतो. तिथल्या काही पेशींना एकच काम असतं: आपण कुठे आहोत ते सांगत राहणं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की काही पेशी जाग्या होतात, जिन्यात गेलं की दुसऱ्या. आणि आपल्या आठवणीसुद्धा याच पेशींच्या आधारानं ठेवलेल्या असतात. घरी बसून डोकं खाजवून जी नावं आठवत नाहीत, ती जुन्या शाळेच्या आवारात गेल्यावर पटापट आठवतात ती यामुळेच. मेंदूज्वरानं या पेशी गेल्या की आठवणी जात नाहीत. त्या असतात जिथल्या तिथे. फक्त माणूस कुठेच उभा नसतो, आणि मग त्याला सगळं एकदम आठवतं किंवा काहीच आठवत नाही.

ठिय्याची युक्ती संगणकातून उचललेली होती. संगणकात चालणारा प्रत्येक प्रोग्राम कुठल्या ना कुठल्या डिरेक्टरीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत फोल्डरमध्ये, उभा असतो. त्याला नुसतं ‘यादी आण’ म्हटलं तर तो उभा आहे तिथली यादी आणतो. शेजारच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी यादी असेल, तिच्याशी त्याला कर्तव्य नाही. जागा बदलायची तर प्रोग्रामला स्वतः कर्नलकडे, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो: मला तिथे ने. या अर्जाला सिस्टीम कॉल म्हणतात. एकानं दुसऱ्याच्या वतीनं हा अर्ज करायची सोय नाही, ज्याला जायचं त्यानंच मागायचं. कारभारी मुकाट्यानं काम करतो आणि हातावर एक आकडा ठेवतो. शून्य म्हणजे नेलं. उणे एक म्हणजे नेता आलं नाही, तू होतास तिथेच आहेस. तो आरडाओरडा करत नाही, पुढचं काम थांबवत नाही. आकडा बघायचा की नाही, हे लिहिणाऱ्यावर.

ऋजुतानं बघितला नव्हता.

नसरीन शिकलगार तिच्याच वयाची, टीममधली सगळ्यात चिकट तपासनीस. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाची ओळ पुढे सरकत नसे. तिनं त्या शुक्रवारी खुर्ची वळवून विचारलं होतं, “ऋजुता, पहिल्या ओळीचं उत्तर तू बघतच नाहीयेस.”

“अंगणात जायला काय अडचण येणार आहे? प्रत्येकाच्या डोक्यात ते आपणच बांधतो.”

“आणि नाही जाता आलं तर?”

“नसरीन, चारला डेमो आहे गं बाई.”

नसरीननं सही केली. डेमो झाला, टाळ्या पडल्या, आणि पुढे त्या तीन ओळींना कुणी हात लावला नाही. चालतंय त्याला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला सोवळ्याइतका कडक नियम. मोठमोठी शहाणी माणसं तो पाळतात.

*

उन्मेष मोकाशी त्या वेळी ठणठणीत होता. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीला. कुणाची हद्द कुठे संपते हे सांगणं हेच त्याचं काम, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. साताऱ्यात गोडोलीला त्यांनी घर बांधलं तेव्हा मागे दोन गुंठे मोकळी जागा मुद्दाम ठेवली. ऋजुता म्हणाली बाग करू, उन्मेष म्हणाला राहू दे, मोजायला बरी.

२०४४च्या पावसाळ्यात त्याला ताप आला आणि तो मेंदूत गेला. चाळीस दिवसांनी तो इस्पितळातून आला तेव्हा स्वयंपाकघरात उभा राहून तहसीलच्या फायली मागत होता. पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या आईला हाका मारत होता. ऋजुताला कधी बहिणीच्या नावानं बोलवायचा, कधी तिच्याकडे बघून घाबरायचा. सहा महिन्यांनी त्याच्या डोक्यात ठिय्या बसवला. आपण कधीतरी डबा खाता खाता लिहिलेलं आपल्याच नवऱ्याच्या डोक्यात चालणार आहे, हे तेव्हा ऋजुताच्या ध्यानात आलं, नाही असं नाही. तिला उलट बरं वाटलं. म्हणाली, निदान घरचं आहे.

उन्मेषच्या डोक्यात तीन जागा बांधल्या गेल्या. ‘घर’, म्हणजे लग्नापासून पुढचं सगळं. ‘कचेरी’. आणि ‘देवरुख’, म्हणजे बारा वर्षांचा होईपर्यंतचं बालपण. मनगटावर एक पट्टा. जिथे जायचं त्या जागेचं नाव त्यानंच मोठ्यानं घ्यायचं आणि पट्ट्यावर अंगठा दाबायचा. देवरुखात उभा असताना आई म्हणजे त्याची स्वतःची आई. घरात उभा असताना आई म्हणजे ओवीची आई, ऋजुता. रोज सकाळी उठल्यावर तो “घर” म्हणायचा, अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, “ऋजू, चहा टाक.” ते ऐकायला ती आधीच ओट्यापाशी उभी असायची.

चौथी जागा अंगण. नवा दिवस आधी तिथे पडायचा. दुपारी सव्वादोनला, उन्मेष झोपला की, ठिय्या अंगणातलं निवडायचा. जे पुन्हा पुन्हा घडतं ते उचलून घरात ठेवायचा, जे एकदाच घडलं ते झाडून टाकायचा. झाडणं म्हणजे पेशींमधले सांधे बारीकशा विजेनं सैल करणं. एकदा सैल झालेला सांधा पुन्हा तसा बसत नाही. ठिय्यामध्ये आठवणी नसतातच, त्यांचे नुसते पत्ते असतात, म्हणून त्याला बॅकअपही नव्हता. मेंदूची नक्कल काढायची विद्या अजून कुणाला साधलेली नाही.

आता माणसाच्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी बहुतेक एकदाच घडतात. ते उंदरांवर प्रयोग करताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ओवी पुण्याहून यायची, दोन दिवस राहायची, जायची. आठवड्यानं फोन केला की उन्मेष विचारायचा, “अगं, येणार कधी तू?” तीन वेळा असं झाल्यावर तिनं आईला सुनावलं, “दूधवाल्याची वेळ पाठ आहे त्यांना. मी आलेली आठवत नाही. मग मी दर महिन्याला वरात काढून येते कशाला?”

*

मार्चमधल्या एका शनिवारी संध्याकाळी ओवी आली ती निरोप घ्यायला. मंगळवारी तिचं विमान होतं. दोन वर्षं न्यूझीलंडला, हिमनद्या वर्षाला किती सरकतात ते मोजायला.

“मोजणीवाल्याची पोरगी शेवटी,” उन्मेष म्हणाला. “पण बर्फाला हद्दीचे दगड कसे लावणार गं?”

रविवारी सकाळी त्यानं माळ्यावरून जुनी मोजणीची साखळी काढली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. आणे म्हणजे साखळीचे सारखे भाग, दोन फुटांहून थोडे जास्त. मोजणी ड्रोनवर गेल्यापासून साखळी तशीच पडून होती. त्यानं खोबरेल लावून कड्या पुसल्या, एक टोक ओवीच्या हातात दिलं आणि मागच्या दोन गुंठ्यांत तिला पळवलं.

“ओढ, ओढ! झोळ पडलाय. झोळ पडला की मोजणी खोटी.”

“बाबा, हात सोलले माझे.”

“सोलू देत. बर्फात काय मऊ गाद्या घालून ठेवल्यात तुझ्यासाठी?”

पूर्वेच्या भिंतीपाशी तो वाकला, कड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि तिथेच मातीत फतकल मारून हसायला लागला. “पवारांनी अर्धा आणा खाल्ला! फूटभर! मी तापानं आडवा पडलो आणि ह्यांनी भिंत घातली. साधला डाव.”

भिंतीपलीकडून पवारकाकांचं डोकं वर आलं. “काय झालं हो मोकाशी?”

“काही नाही काका. तुमची भिंत आमच्याकडे राहायला आलीय.”

ओवी पोट धरून हसत होती. ऋजुता मागच्या दारात उभी राहून बघत होती आणि तिला वाटलं, हा माणूस बरा झालाय. खरोखर तिला तसं वाटलं.

जेवताना उन्मेष आमटीत भात कालवत राहिला, खाईना. मग म्हणाला, “ऋजू, हे आता दुपारी झाडलं जाणार ना?”

ऋजुतानं आमटीची पळी खाली ठेवली.

“एकदाच घडलं म्हणजे कचरा. तुमच्या यंत्राचा न्याय. मला कळतं गं, मी काही खुळा नाही. साखळी हातात घेतलेली मला उद्या आठवणार नाही आणि ही पोरगी तर दोन वर्षं येत नाही.” त्यानं मान खाली घातली. “आजचं ठेव. एवढं एक ठेव.”

ओवीनं पोळीचे तुकडे तुकडे करून ताटात टाकले होते. तीही म्हणाली, “ठेव ना गं आई.”

ऋजुता अजूनही त्याच कंपनीचं काम घरून करत होती आणि तिच्यापाशी कोड लिहिणाऱ्यांची चावी होती, कुठल्याही ठिय्यात शिरता येईल अशी. रुग्णाच्या यंत्रात ती वापरायची नसते, घरच्या माणसाच्या तर नाहीच नाही. दोन वाजता तिनं लॅपटॉप उघडला. अंगणातला दिवस घरात हलवायचं काम नाजूक, त्याला तास-दोन तास शांतपणा हवा, आणि सव्वादोनला फक्त पंधरा मिनिटं होती. तेव्हा तिनं सोपा उपाय केला. अंगणाला कुलूप लावलं. आत शिरायची परवानगीच काढून टाकली. झाडणारा आत जाऊ शकला नाही तर झाडणार काय? संध्याकाळी ओवीला बसमध्ये बसवून आलं की सावकाश दिवस उचलू, घरात ठेवू, कुलूप काढू.

त्या तीन ओळी तिला आठवल्या नाहीत. अकरा वर्षं झाली होती.

*

तीनला ओवी चहा घेऊन गेली. उन्मेष पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसला होता.

“बाबा, चहा.”

त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला. “धन्यवाद हं. मला इथे कुणाला भेटायचं होतं?”

ओवी हसली. “पवारकाकांना. अर्धा आणा परत मागायला.”

तो हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला, कुणीतरी चुकून दुसऱ्याच माणसाच्या नावानं हाक मारल्यासारखा अवघडून. “माफ करा, मी ओळखलं नाही.” मग त्याला दारातली ऋजुता दिसली. “ताई, हे घर कुणाचं?”

ऋजुतानं त्याच्या पट्ट्यावर बघितलं. ‘घर’ असंच लिहिलेलं होतं. तो घरातच उभा होता. ती लॅपटॉपकडे धावली आणि नोंदी उघडल्या.

दुपारी दोन पंधरा. अंगणात जाणे: उणे एक, प्रवेश नाही. झाडणे: ठिकाण घर. पूर्ण. परत जाणे: शून्य.

कारभाऱ्यानं सांगितलं होतं. नेता आलं नाही, तू आहेस तिथेच आहेस, असं त्यानं रीतसर सांगितलं होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं. पुढच्या ओळीला ‘इथे’ एवढंच माहीत होतं. ‘इथे’ म्हणजे त्या क्षणी घर होतं. तेवीस वर्षांचा संसार, ओवी जन्मली ती रात्र, वाईच्या घाटात पंक्चर झालेली स्कूटर, ऋजुताचं नाव, तिचा राग, तिला फोडणीत लसूण चालत नाही हे, सगळं चार मिनिटांत झाडून झालं होतं. व्यवस्थित झालं होतं. तिच्या ओळी चांगल्या लिहिलेल्या होत्या.

तिनं नसरीनला फोन लावला आणि नोंद वाचून दाखवली.

“घरात कोण आहे?” नसरीननं विचारलं.

“ओवी आहे.”

“मी निघते.”

नसरीन पुण्याहून सहाच्या आत साताऱ्यात पोचली. तिनं नोंदी दोनदा वाचल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचल्या. त्या शुक्रवारचं नावसुद्धा काढलं नाही. शेवटी ऋजुतालाच राहवेना. “म्हण ना.”

“काय म्हणू?”

“तू सांगितलं होतंस.”

“मी सहीपण केली होती,” नसरीन म्हणाली.

त्या संध्याकाळी ऋजुतानं राहिलेली ओळ लिहिली. शून्य नसेल तर थांब. लिहायला मिनिटसुद्धा लागलं नाही. आठवडाभरात ती चार हजार माणसांच्या डोक्यांत गेली. पुढे नागपूरच्या एका बाईंचं अंगण भरून तुंबलं, यंत्राला आत जाता आलं नाही, आणि ती ओळ आडवी आली. बाईंचं काही गेलं नाही. त्यांच्या घरच्यांना हे कधी कळलंसुद्धा नाही.

*

अंगण मात्र शाबूत होतं. ज्याच्यासाठी हा उपद्व्याप केला, तो दिवस कुलपाच्या आत जसाच्या तसा पडला होता. दोघींनी मिळून तो उचलला आणि रिकाम्या घरात ठेवला. ऋजुताला वेडी आशा होती. नसरीनला नसावी.

दुसऱ्या दिवशी उन्मेषनं विचारलं, “ते रान कुणाचं होतं? अर्धा आणा कमी भरलं ते?”

ओवी धडपडत त्याच्यापाशी गेली. “आपलं! बाबा, मागचं. साखळीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं, सांगा बरं?”

त्यानं डोळे मिटले. बराच प्रयत्न केला. “एक मुलगी होती. खूप हसत होती.” मग डोळे उघडले. “तोंड दिसत नाही तिचं.”

तसंच होणार होतं. त्या दिवसात ओवी नव्हती, ओवीचा पत्ता होता. ऋजुता नव्हती, ती घरात कुठे सापडेल याची खूण होती. दिवस शाबूत आणि त्यातली माणसं गेलेली. उन्मेष तो एकुलता एक दिवस घेऊन घरभर फिरायचा, कपाटं उघडायचा, दारांच्या मागे बघायचा. काय शोधताय विचारलं तर त्याला सांगता येत नसे. पाचव्या दिवशी त्याला पहिली आकडी आली.

डॉक्टर बारटक्के बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. “मेंदूला रिकाम्या जागेत उभं राहता येत नाही, मोकाशी मॅडम. तो शोधत बसतो. इतका शोधतो की पेटतो. अजून पाच-सहा आकड्या, आणि मग उरलेल्या दोन जागाही जातील. त्यांना हलवा.”

“परत आणता येईल?”

“नाही. घराचा पत्ताच पुसावा लागेल. नाहीतर झोपेत आपसूक तिथेच परततील.”

कचेरीत ठेवून बघितलं. दोन दिवस तो सुनावणीच्या तारखा चुकल्या म्हणून घामाघूम होत राहिला. उरलं देवरुख.

ओवीनं विमान महिनाभर पुढे ढकललं होतं. ती ओट्याला टेकून उभी होती. “देवरुखात मी नाहीये आई. तूही नाहीस.”

“माहीत आहे मला.”

“नवीन घर भरेल ना हळूहळू? रोज आपण दिसू, रोज बोलू. पुन्हा पुन्हा घडलेलं राहतं, तूच म्हणतेस.”

“पाच-सहा वर्षं लागतील. आकड्या तेवढं थांबणार नाहीत.”

“मग आपण कुठे पाठवतोय त्यांना?”

“जिथे त्याला कुणीतरी आपलं वाटेल तिथे,” ऋजुता म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. ओवी जवळ आली नाही. ओट्यापासूनच म्हणाली, “मीच म्हटलं होतं, ठेव म्हणून.”

“तू म्हणालीस, तो म्हणाला. ओळी माझ्या होत्या.”

*

बुधवारी सकाळी अकराला त्याची खुर्ची मागच्या दारात ठेवली. समोर दोन गुंठे, पवारांची भिंत, खिळ्याला लटकवलेली साखळी. ऋजुता शेजारच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. ओवी खुर्चीच्या मागे उभी होती.

बाकी सगळं ऋजुतानं तयार ठेवलं होतं. शेवटची मागणी मात्र त्याचीच हवी. दुसऱ्या कुणाला त्याच्या वतीनं करता येत नाही. हा नियम तिनं किती वेळा लोकांना समजावून सांगितला होता. रुग्णाचं स्वातंत्र्य, म्हणायची.

“ताई, हे दाबलं की काय होईल?” उन्मेषनं विचारलं. आकड्यांनी त्याचा आवाज बारीक झाला होता.

“बरं वाटेल. भीती जाईल.”

“तुम्ही याल तिकडे?”

“मी इथेच आहे.”

“आणि ती साखळीवाली मुलगी? ती सापडली का?”

ओवीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. ऋजुता म्हणाली, “तीही इथेच आहे.”

त्यानं पट्ट्यावरून बोट फिरवलं. भिंतीवर एक साळुंकी आली, गेली. “मग मी जायलाच पाहिजे का?”

तीन आठवड्यांत ऋजुतानं या क्षणाची सगळी तयारी केली होती, या प्रश्नाची केली नव्हती. नको म्हणावं, पट्टा काढून फेकून द्यावा, आकड्या येऊ देत, तो आपल्याला ताई म्हणत आपल्याच घरात मरू दे, असं तिला वाटून गेलं. फार जोरानं वाटून गेलं.

“हो,” ती म्हणाली. “जायला पाहिजे.”

“बरं. तुम्ही म्हणताय तर.” त्यानं अंगठा पट्ट्यावर टेकवला. “देवरुख,” तो म्हणाला आणि दाबलं.

ऋजुतानं पडद्यावरून नजर हलवली नाही. या वेळी तिनं आकडा बघितला. शून्य. नेलं. कुठेही चूक नव्हती. तिनं तो तीनदा वाचला, मग घराचा पत्ता पुसला, तिथेही शून्य आलं, आणि मगच तिनं मान वर केली.

उन्मेषचे खांदे खाली आले होते. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. इतक्या दिवसांत तो असा निवांत दिसला नव्हता. त्यानं रान बघितलं, साखळी बघितली, मग त्याला पायरीवर बसलेली ऋजुता दिसली आणि तो थोडा लाजला.

“काकू, आमची आई कुठे गेली हो?”

ऋजुतानं लॅपटॉप मिटला. “येईल हं. तोवर हात धुऊन ये. भूक लागली असेल, मी खायला देते.”

“नको,” अठ्ठेचाळीस वर्षांचा उन्मेष मोकाशी शहाण्यासारखी मान हलवून म्हणाला. “आईला विचारल्याशिवाय मी कुणाकडे खात नाही.”

तो खुर्चीवरून उठला, तिच्यापासून जरा अंतर सोडून खालच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला, आणि फाटकाकडे बघत आईची वाट पाहू लागला.